उंदराच्या पोटावरची पट्टी

इंदूआत्तीच्या पुढच्या खोलीत त्या संध्याकाळी तेवीस बायका होत्या. खाली दोन सतरंज्या, भिंतीशी चार प्लास्टिकच्या खुर्च्या. खुर्च्या गुडघे दुखणाऱ्यांसाठी. टीपॉयवर हळदीकुंकवाचा करंडा, अत्तरदाणी, तिळगुळाची परात आणि वाण म्हणून वाटायला आणलेले तीस स्टीलचे डबे. डबे एकात एक बसणारे नव्हते, म्हणून ते मनोऱ्यासारखे रचले होते आणि कुणी टीपॉयला धक्का दिला की सगळ्या एकदम हात पुढे करायच्या. टीव्हीच्या वर, जिथे पूर्वी आत्तीच्या सासूबाईंचा फोटो असायचा, तिथे माझा फोटो होता. वर्तमानपत्रातून कापून लॅमिनेट केलेला.

फोटोत मी उभी आहे. शेजारी आमचं पोस्टर. पोस्टरवर भूल देऊन आडवा केलेला बिनकेसांचा उंदीर, आणि त्याच्या उजव्या खांद्यापाशी लाल-पिवळा ठिपका. छपाईत रंग जरा सरकला होता, त्यामुळे ठिपका उंदराच्या थोडा बाहेर पडला होता. वर मथळा: ‘गाठीचंच दार वाजवणारं औषध’. त्याखाली बारीक अक्षरात जयसिंगपूरची कन्या वगैरे.

तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. त्याला आता बारा वर्षं होतील. एम.एस्सी. करून पुण्यातल्या एका संस्थेत प्रकल्प सहायक म्हणून लागले होते. डिसेंबरच्या सुरुवातीला एका संशोधन संमेलनात आमच्या पोस्टरला दुसरं बक्षीस मिळालं. बाबांनी ते ओळखीच्या वार्ताहराला कळवलं, वार्ताहराने मला फोन केला, आणि मी त्याला पोस्टरसमोर जे बोलले होते तेच बोलले. बातमी आली. बाबांनी दहा अंक घेतले. त्यातले चार आत्तीने नेले.

आत्ती म्हणजे बाबांची थोरली बहीण. अकरावी-बारावीची दोन वर्षं मी तिच्याकडे राहून केली. पहाटे उठवून चहा देणं, मी घोकत असताना समोर बसून शेंगा सोलणं, केमिस्ट्रीच्या पेपरच्या दिवशी स्वतः उपास धरणं, हे सगळं तिने केलं होतं. त्यामुळे रविवारी हळदीकुंकू आहे, तू यायलाच पाहिजे, असा तिचा फोन आल्यावर मी काही विचारलं नाही. शनिवारी संध्याकाळच्या गाडीने आले.

बायकांना अत्तर लावून झाल्यावर आत्तीने मला खुर्चीवर बसवलं आणि सांगितलं, आता यांना समजावून सांग, मला फोनवर सांगितलंस तस्संच.

मी सांगितलं. मला सांगायला आवडायचं. कॅन्सरचं नेहमीचं औषध रक्तातून सगळ्या अंगभर जातं, म्हणून केस गळतात, तोंड येतं, उलट्या होतात. आम्ही तेच औषध अगदी बारीक कणांत भरतो. किती बारीक, तर आपल्या केसाच्या जाडीत असे सहाशे कण ओळीने बसतील. कणांवर वरून फॉलिक ॲसिड लावतो. गरोदर बाईला गोळ्या देतात, तेच. गाठीच्या पेशी त्याला हपापलेल्या असतात. त्या कण आत ओढून घेतात आणि कणाबरोबर औषध आत जातं. मग मी ते वाक्य म्हटलं, जे परीक्षकांपुढे म्हटल्यावर त्यांनी माना डोलावल्या होत्या: हे औषध सगळ्या गावात हिंडत नाही, ते फक्त गाठीचंच दार वाजवतं.

आत्ती माझ्यामागे उभी होती. शेवटचं वाक्य तिने माझ्याबरोबर म्हटलं.

बायकांनी प्रश्न विचारले. साखरेवर काही निघालंय का. खुर्चीवरच्या एक आजी म्हणाल्या, गुडघ्याचं दार वाजवणारं काढ की एखादं, आमचं दार कधीचं उघडं आहे. फोटो भिंतीवरून काढून हातोहात फिरला. शेजारच्या पाटीलकाकूंनी तो डोळ्यांजवळ नेला आणि विचारलं, “अगं, ह्या उंदराला लंगोट कुणी नेसवला? तूच काय?”

सगळ्या हसल्या. उंदराच्या पोटावर आडवी काळी पट्टी होती, ती खरंच तशी दिसायची. मीही हसले.

“कॅमेऱ्याला नीट दिसावं म्हणून असते ती, काकू.”

“मग बरोबर आहे,” काकू म्हणाल्या. “आमच्यात पण फोटो काढताना अंगभर नेसवतात.”

पुन्हा हसू झालं. फोटो भिंतीवर परत गेला. बायका एकेक डबा घेऊन गेल्या आणि जाताना दोघी-तिघींनी माझ्या गालांवरून हात फिरवून कानशिलाशी बोटं मोडली.

घर रिकामं झाल्यावर आत्तीने मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि दार लोटून घेतलं. मला वाटलं लग्नाचं काहीतरी असणार. मी आधीच नकाराची तयारी करून ओट्याला टेकले.

“हात दे इकडं,” ती म्हणाली.

तिने माझा हात धरून आपल्या उजव्या काखेच्या पुढे, ब्लाउजच्या कडेवर ठेवला आणि वरून दाबला. कापडाखाली काहीतरी होतं. कडक, कडा वेड्यावाकड्या, आणि दाबलं तरी बाजूला न सरकणारं. माझ्या बोटांना ते ओळखीचं होतं. उंदरांच्या खांद्यावर मी दर तिसऱ्या दिवशी तेच चाचपत असे. फक्त तिथे ते वाटाण्याएवढं असायचं.

“कधीपासून?” मी विचारलं.

“दिवाळीत आंघोळ करताना लागली हाताला.”

“दाखवलंस?”

“दाखवली की. मिरजेला. सुई घालून तपासली. तोच आजार आहे.” तिने त्याचं नाव घेतलं नाही, पुढेही कधी घेतलं नाही. “आधी सलाइनमधून औषध, मग ऑपरेशन, असं म्हणाल्या डॉक्टरीणबाई. आठ वेळा द्यायचं म्हणाल्या. तारीख पण दिली होती. तेवढ्यात तुझं पेपरात आलं.”

मी हात काढून घेतला.

“मी त्यांना सांगितलं, जरा थांबा, आमच्या घरात औषध तयार होतंय.”

बाबांना ठाऊक आहे का, असं मी विचारलं, कारण दुसरं काही विचारायची हिंमत नव्हती. फक्त मामांना ठाऊक होतं. मामा म्हणजे आत्तीचे यजमान. आमच्याकडे आत्तीच्या नवऱ्याला मामाच म्हणतात. दवाखान्यातून दोनदा फोन आला, तो तिने उचलला नाही. तिसऱ्यांदा उचलला आणि बाहेरगावी आहे म्हणून सांगितलं. हे सगळं ती उरलेला तिळगूळ डब्यात भरत सांगत होती, वड्या मोडू नयेत म्हणून एकेक उचलून.

मग मी तिला समजावू लागले. आमचं औषध अजून उंदरांनाच देतात. माणसांना द्यायला परवानगी लागते, आधी दुसरे प्राणी, मग मोजके रोगी, मग पुष्कळ. दहा वर्षं लागतात.

“सगळ्यांना द्यायला दहा लागत असतील. एकटीला कशाला लागतील? मी सही करून देते. उंदरांना देता तसं मला दे.”

“असं देत नाहीत, आत्ती. गुन्हा आहे तो.”

“बरं. मग थांबते.”

“थांबायचं नसतं गं ह्यात. तू मिरजेचं औषध सुरू कर. तेसुद्धा चांगलं आहे.”

तिने डब्याचं झाकण लावलं आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं.

“सासूबाईंचं सगळं मी केलंय,” ती म्हणाली. “तू तेव्हा तिसरी-चौथीत असशील. त्यांचं तोंड आतून सोलून निघालं होतं. चमचा लागला तरी ओरडायच्या, म्हणून मी चमच्याला लोणी लावून पाणी पाजायची. सगळीकडे लागलं ते औषध, फक्त गाठीला सोडून. तीन महिन्यांत गेल्या. म्हणून म्हणते, सगळीकडे लागतं ते मला नको. गाठीलाच लागतं ते पाहिजे. नसेल तर नसू दे, मी थांबते. पण ते नको.”

“आत्ती, आमचंसुद्धा फक्त गाठीलाच—”

मी तिथे थांबले. आमचं औषध गाठीशिवाय आणखी कुठे किती जातं, हे मला माहीत नव्हतं.

“दार वाजवतं,” आत्तीने वाक्य पुरं केलं. “पाठ आहे मला.”

सकाळी मामांनी मला स्कूटरवरून स्टँडवर सोडलं. त्यांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं आणि बोलणं कमी. गाडी लागेपर्यंत ते माझी बॅग हातात धरून उभे राहिले. मग म्हणाले, ती माझं ऐकत नाही, डॉक्टरांचं ऐकत नाही, तू सांगशील ते मात्र ऐकेल. शुक्रवारी मिरजेच्या बाई असतात. तोवर काय सांगायचं ते ठरव. मी मान हलवली. त्यांनी बॅग दिली नाही.

“एक विचारू का, शरू? रागावू नको. ते औषध आहे ना खरंच?”

“आहे, मामा.”

“तसं नव्हे. पेपरात लिहिलंय तसं आहे का?”

गाडी आली होती. मी बॅग त्यांच्या हातातून घेतली आणि चढले.

सोमवारी दुपारी मी टिळेकर सरांच्या खोलीत गेले. सर माझे मार्गदर्शक, प्रकल्प त्यांचा. पन्नाशीचे, मऊ बोलणारे, विद्यार्थ्याने चूक केली तर आधी चहा मागवणारे. मी त्यांना आत्तीची सगळी हकिकत सांगितली. त्यांनी चहा मागवला.

मग मी पट्टीचा विषय काढला.

त्या पट्टीची गोष्ट अशी होती. आम्ही कणांत औषधाबरोबर एक रंग भरायचो, जो विशिष्ट प्रकाशात चमकतो. उंदराच्या शेपटीच्या शिरेतून कण सोडायचे आणि दुसऱ्या दिवशी त्याला भूल देऊन काळ्या पेटीतल्या कॅमेऱ्याखाली ठेवायचं. कण जिथे गेले तिथे चमकतं. पहिल्या दिवशी आम्ही फोटो घेतला तेव्हा उंदराच्या पोटाचा वरचा भाग इतका चमकला की बाकीचं काही दिसेना. तिथे यकृत असतं. यकृताचं कामच रक्तातला परका कण पकडण्याचं. कॅमेरा त्या उजेडाने दिपून जातो, म्हणून सगळेच जण करतात ते आम्ही केलं: पोटावर काळ्या कागदाची पट्टी ठेवली. मग खांद्याजवळची गाठ दिसली, छान लाल-पिवळी. तोच फोटो पोस्टरवर गेला. पट्टी मी कापली होती, काळ्या चार्टपेपरची, तीन सेंटिमीटर लांब आणि दीड रुंद. कात्रीने कडा सरळ येईना म्हणून दुसऱ्यांदा कापली होती. ती कशावर ठेवली आहे, हे पोस्टरवर कुठेही लिहिलं नव्हतं.

“पट्टी नसती तर गाठ दिसलीच नसती,” सर म्हणाले. “दिसावी म्हणून लावली. लपवायला नाही लावली.”

“दोन्ही झालं, सर.”

ते म्हणाले की चित्राखाली एक ओळ टाकायला हवी होती, जागा नव्हती. मी म्हटलं, बक्षिसाच्या शिक्क्याला जागा होती. असं मी त्यांच्याशी आधी कधी बोलले नव्हते. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“तुझ्या आत्याबाईंना तू काय सांगणार आहेस?”

“खरं. पण तेच माहीत नाही. आपण फक्त चित्र काढलं. किती कुठे गेलं ते मोजलं नाही.”

मोजणं पुढच्या टप्प्यात होतं, एप्रिलनंतर. पण पहिल्या तुकडीचे दहा उंदीर त्याच आठवड्यात संपवायचे होते, आणि त्यांचे अवयव काढून तपासायची परवानगी आमच्या अर्जात होती. सरांना ते माझ्याआधी सुचलं असावं, कारण त्यांनी कण ठेवलेल्या फ्रीजरची किल्ली स्वतःच पुढे सरकवली.

“पाच उंदरांना आपले कण दे, पाचांना साधं औषध. रंग दोन्हीत सारखा. दोन्ही मोज,” ते म्हणाले. “आणि आकडा काहीही आला तरी माझी वाट बघत बसू नको. आधी गावाला जा.”

मी त्याच दिवशी इंजेक्शनं दिली. मंगळवारी भूल दिलेला पहिला उंदीर पट्टी न लावता कॅमेऱ्याखाली ठेवला. पडदा पांढरा झाला. मी उजेड कमी करत गेले. यकृताच्या कडा दिसायला लागल्या, त्याचे भाग वेगळे दिसायला लागले, आणि खांद्यापाशी अंधार होता. गाठ तिथे होती. मी सकाळीच बोटांनी चाचपली होती. मी तो फोटो साठवला.

मग अवयव. यकृत, प्लीहा, दोन्ही मूत्रपिंडं, फुप्फुसं, हृदय, गाठ. प्रत्येकाचं वेगळं वजन केलं, प्रत्येक वेगळा वाटला, रंग वेगळा काढला. हे काम नीट केलं तर त्यात मन लागतं, आणि माझं लागलं. गाठ इतकी लहान होती की चिमट्याच्या टोकाला यायची. ती वाटताना मला आत्तीच्या ब्लाउजची कड आठवली आणि मी नळी खाली ठेवून हातमोजे बदलले. बुधवारी सगळ्या नळ्या यंत्रात लावल्या. आकडे आले. मी दुसऱ्यांदा लावल्या. तेच आले.

सरांनी कागद बराच वेळ बघितला. साध्या औषधापेक्षा आपल्या कणांनी गाठीत तिप्पट नेलं आहे, हेही त्यांना सांग, असं म्हणाले. ते खरं होतं. साधं औषध शंभर भागांतलं जेमतेम शून्य पूर्णांक तीन भाग गाठीत पोचलं होतं. आमचं त्याच्या तिप्पट. विज्ञानाच्या दृष्टीने तो चांगला आकडा होता, आजही आहे.

गुरुवारी दुपारी मी जयसिंगपूरला पोचले. मामा दुकान बंद करून घरी आले होते. आत्ती पुढच्या खोलीत शेंगा निवडत बसली होती. मला बघून म्हणाली, आली बघा आमची डॉक्टरीण, हात-पाय धू आणि जेव आधी. मी तिच्यासमोर बसले आणि मोबाइल तिच्या हातात दिला.

“काय हे?”

“तसलाच उंदीर. पट्टी न लावता.”

तिने हात पदराला पुसले आणि दोन बोटांनी फोटो मोठा केला. पोटाचा पांढरा भाग तिच्या अंगठ्याखाली आला.

“बाई गं, केवढं लागलंय. गाठ एवढी मोठी होती?”

“ती गाठ नाही. ते लिव्हर.”

“आणि गाठ?”

मी जागा दाखवली. तिने फोटो वर सरकवला, आणखी मोठा केला, मोबाइल उजेडाकडे तिरका धरला.

“इथं काय नाही.”

“आहे. थोडं आहे. लिव्हरपुढं दिसत नाही.”

मामा दाराशी उभे होते, ते आत आले नाहीत. आत्तीने मोबाइल सुपात, शेंगांवर ठेवला.

“म्हणजे सगळ्या गावात हिंडतं.”

“हो.”

“ती पट्टी?”

“मी लावली होती. गाठ दिसावी म्हणून.”

“पाटलीणबाईनं विचारलं होतं तुला. सगळ्यांच्या पुढं.”

“हो.”

“तू हसलीस.”

“हो,” मी म्हटलं.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने पुन्हा शेंगा घेतल्या. दोन-तीन फोडल्या आणि दाणे टरफलांत टाकले. मग विचारलं, शंभर भाग औषध दिलं तर गाठीत किती जातं. मी म्हटलं, एकसुद्धा नाही. शून्य पूर्णांक नऊ. लिव्हरमध्ये सत्तावन्न. बाकीचं प्लीहेत, मूत्रपिंडांत, आणि काही लघवीवाटे बाहेर.

साध्या औषधाचा आकडा मी सांगितला नाही. तिप्पट हा शब्द तिच्या कानावर पडला असता तर ती आणखी थांबली असती, असं मला वाटलं.

“मिरजेच्या औषधानं केस जातील?” तिने विचारलं.

“जातील. परत येतात.”

“तोंड?”

“येईल. पण सासूबाईंच्या वेळेसारखं नसतं आता. उलटीवर, तोंडावर बरी औषधं निघाली आहेत. त्यांच्यापेक्षा तुझं लवकर कळलंय. बऱ्याच बायका बऱ्या होतात.”

“हे तू मोजलंयस?”

“नाही. वाचलंय.”

तिने मान हलवली, जणू हे उत्तर तिला आधीच्या सगळ्यांपेक्षा पटलं. मग सूप बाजूला सारून ती उठली आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली. समोर पाटीलकाकूंचं अंगण. काकू दोरीवर चादर टाकत होत्या आणि आत्तीला बघून त्यांनी हात केला. आत्तीनेही केला.

“आता ह्या सगळ्यांना काय सांगू मी?”

“माझं नाव सांग. शरूला तेव्हा कळलं नव्हतं म्हण. शरूनं खोटं सांगितलं म्हटलंस तरी चालेल.”

“तुझंच नाव सांगितलंय गं,” ती खिडकीकडे तोंड करूनच म्हणाली. “दुधवाल्यापासून सगळ्यांना. दोन महिने दुसरं काय सांगितलंय?”

मामांनी दाराआडून दवाखान्याची फाइल काढली. ती कापडी पिशवीत घालून तयारच होती. वर पाण्याची बाटली आणि शाल. आत्तीने पिशवीकडे बघितलं आणि मामांना म्हणाली की उद्या दवाखान्यात जायचं आहे, सहलीला नव्हे, शाल कशाला. पण शाल तिने काढली नाही.

शुक्रवारी सकाळी आम्ही तिघं मिरजेला गेलो. डॉक्टर चाळिशीच्या होत्या, चष्मा डोक्यावर सारलेला, शेजारी लिहून घ्यायला एक शिकाऊ डॉक्टर. त्यांनी फाइल उघडली, तारीख बघितली आणि आवाज न चढवता विचारलं, दोन महिने कुठे होता तुम्ही. मी बोलायला तोंड उघडलं. आत्तीने खाली, टेबलाच्या आड, माझा हात दाबून धरला.

“घरीच होते,” ती म्हणाली. “संक्रांत होती. कामं होती.”

“कामं होती,” डॉक्टरांनी म्हटलं आणि पान उलटलं. मग मी कोण, असं विचारलं.

“भाची माझी. पुण्याला संशोधन करते.”

डॉक्टरांनी पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं आणि जरा हसल्या. “अरे वा. कशावर?”

“उंदरांवर,” आत्ती म्हणाली.

त्यांनी तिला पडद्याआड नेलं. मी आणि मामा बाहेर बाकावर बसलो. पडदा हिरवा होता आणि खालून वीतभर आखूड, त्यामुळे आत्तीची पावलं दिसत होती, पायरीवर चढलेली, मग नाहीशी झालेली. आतून हात वर करा, खाली करा, दुखतं का, असं ऐकू येत होतं. आत्ती प्रत्येक वेळी नाही म्हणत होती. मग डॉक्टरांचा आवाज थोडा मोठा झाला, कारण त्या आता शिकाऊ डॉक्टरला सांगत होत्या आणि तो पडद्याच्या अलीकडे, माझ्यापासून दोन हातांवर, उभा राहून लिहीत होता.

“उजवी बाजू, वरचा बाहेरचा भाग. काखेत दोन गाठी लागतात. आधीच्या तपासणीत काखेत काही नव्हतं, तेही लिही. मुख्य गाठ, अठ्ठावीस नोव्हेंबरला तीन पूर्णांक एक सेंटिमीटर. आज पाच पूर्णांक दोन.”